मुळाचं वय

वय विचारलं तेव्हा रत्नव्वा म्हणाली,
"आधारवर एक जून हाय. साल बी त्यांनीच टाकलंय.
बैलाचं सांगत्यात की दात बघून,
माझं बी सांगा."
आणि हसली अर्ध्याच ओठानं.
उरलेला अर्धा इंजेक्शननं झोपला होता.

मग तो दात आला माझ्या टेबलावर, फॉर्मॅलिनमध्ये.
खालचा, सुळ्याच्या पाठीमागचा.
माथा पार सपाट:
भाकरी, मिश्री, आणि जन्मभराची खोड,
हळकुंड सुकलंय का ते दाताखाली मोडून बघायची.
मूळ फिकट पिवळं.
हळदीनं नव्हे. सिमेंटमचा रंगच तो,
सांगलीत काय, कुठंही.

चोवीस वर्षं मी इथं दात घासते,
काचेवर, ओल्या पुडीत, बोटांच्या शेंड्यांनी,
इतका पातळ होईतो
की खाली ठेवलेल्या पेपरातलं अक्षर दिसावं.

भिंगाखाली मानेपाशी नुसता पापुद्रा.
नितळ. आत कुणीच नाही.
तिथले गवंडी सावकाश थापत गेले,
थापलं की मागं सरले, ओली भिंत सोडून.
भिंतीत शिरलेत फक्त दोर,
जबड्याच्या हाडाकडून आलेले, टोकं चिणलेले.
त्या दोरांवरच सगळा भार.
दात हाडात रोवलेला नसतोच,
टांगलेला असतो.

खाली शेंड्याकडं कारभार वेगळा.
तिथं घाई झाली.
मागं सरायला वेळ मिळाला नाही,
आपल्याच थरात अडकले बांधणारे.
प्रत्येकाला एक खळगा,
खळग्यातून निघालेल्या बारीक वाटा,
बहुतेक बाहेरच्या अंगाला,
जिकडून रक्ताची खबर येते तिकडं.
थर वाढले, बाहेर लांब गेलं.
सगळ्यात आतले खळगे आता रिकामे.

आणि या सगळ्याआधी एक सेंट्रिंग होतं,
मुळाचा आकार धरून उभं राहिलेलं.
काम झालं तसं फुटलं, विरलं.
त्याच्या चार-दोन ढलप्या अजून आहेत आसपास.
कुणी न्यायला आलं नाही.

हाड मोडतं, पुन्हा बांधतं, जुनं पुसतं.
याला पुसणं येत नाही.
थरावर थर,
कृष्णा उतरल्यावर घाटाच्या पायरीवर बसतो तसा गाळ,
पण खराटा न लागलेला.
वर जितकं झिजलं तितकं खाली भरत गेलं,
दात तसूभर वर उचलत,
समोरच्या दाताची गाठ सुटू नये म्हणून.

एक काळी ओळ, एक उजळ,
मिळून एक साल, असं म्हणतात.
मी तीनदा मोजलं.
चोपन्न. छप्पन्न. पंचावन्न.
त्यात दात उगवायच्या आधीची अकरा.

टाके काढायला आली तेव्हा म्हटलं, "सहासष्ट. दोन-तीन इकडं तिकडं."
"आधार अठ्ठावन्न म्हणतंय," ती म्हणाली.
"मग आठ वर्सं खाल्ली कुणी?"
पगाराच्या अर्जाला काचपट्टी जोडता येत नाही
हे तिला माहीत होतं, मलाही.

"दावा तरी."
डोळा लावायला वेळ लागला तिला.
मी शेंड्याकडं सरकवली पट्टी.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "हरिपूरची पेवं हायती ही.
आत कोण हाय?"
"बांधणारेच," मी म्हटलं.

"माझा बा उतरला हुता," भिंगातून डोळा न काढता,
"तोंड उघडून वारं खेळू द्यायचं आसतंय दिवसभर.
व्यापाऱ्याला घाई हुती."

पट्टी मीच हलवली तिथून,
आणि नेमकी ती ओळ आली,
आठवी, बाकीच्यांपेक्षा जाड, गढूळ.
ओळ म्हणजे पुरावा नव्हे, हे मी पोरांना शिकवते.
ताप असेल. बाळंतपण असेल.
घासताना माझंच बोट जड पडलं असेल.

"ही जाड कवाची?"
"एकोणीस-वीसच्या असाल तुम्ही."

तिनं बोटांच्या पेरांवर मोजायला घेतलं,
पिवळ्या, कायमच्या पिवळ्या,
आणि एका पेरावर अंगठा तसाच राहिला.

बाहेर तिचा नंबर पुकारत होते.